हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना लागला की बँकेच्या शाखेत पेन्शनरांची रीघ सुरू व्हायची. निवृत्तिवेतन पुढे चालू राहायचे, तर आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सांगावे लागते. त्या कागदाचे नाव हयातीचा दाखला. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे, १९८० च्या दशकात, सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत गेली. त्या भागात जवळजवळ घरटी एक माणूस पलटणीत. आमच्या बाकावर फौजी पेन्शनर पुष्कळ असत, आणि त्यांतले तिघे-चौघे तर दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जाऊन आलेले होते.

ही मंडळी सकाळच्या एस.टी.ने येत. सहीचे काम पाच मिनिटांचे. पण दुपारच्या गाडीपर्यंत बाक सोडत नसत. लढाईच्या गोष्टी रंगत असतील, अशा समजुतीने मी एकदा जवळ जाऊन उभा राहिलो. विषय पावसाचा, ज्वारीचा आणि कुणाच्या तरी नातीच्या लग्नाचा. लढाईचा शब्दही नाही. मात्र काउंटरशी येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "सायेब, वाठारचं नाना येऊन गेलं का वो?" आधी सोबत्याची चौकशी, मग पेन्शनीची. एका नोव्हेंबरात वाठारचे नाना आले नाहीत. त्या दिवशी उरलेले दोघे दुपारच्या गाडीची वाट न पाहता पायीच निघून गेले.

हे सगळे आठवायला निमित्त झाले ते एका अमेरिकन चित्रकथेचे. गेल्या दिवाळीच्या सुटीत नातू माझ्याकडे राहायला आला आणि येताना 'इन्व्हेडर्स' नावाच्या मालिकेचा जाडजूड संग्रह घेऊन आला. महायुद्धात हिटलरशी लढलेल्या अतिमानवी वीरांचे हे पथक आजच्या काळात पुन्हा एकत्र येते, अशी कथा. नातवाने मला एकच प्रश्न विचारला, "आजोबा, १९४१ साली लढलेली ही माणसं अजून म्हातारी कशी होत नाहीत?"

त्याचे उत्तर चित्रकथाकारांनी तयार ठेवलेले आहे. कॅप्टन अमेरिका बर्फात गोठून पडला होता. 'ह्यूमन टॉर्च', म्हणजे पेटती मशाल होऊन उडणारा वीर, हा मुळात माणूसच नव्हे. प्रयोगशाळेत घडवलेला कृत्रिम देह. नेमॉर हा समुद्रतळाच्या अटलांटिस राज्याचा राजपुत्र, दीर्घायुषी. आणि कॅप्टनचा पोरसवदा साथीदार बकी याला शत्रूने वर्षानुवर्षे शीतनिद्रेत ठेवले होते. नातवाचे समाधान झाले. माझे झाले नाही. ही माणसे म्हातारी का होत नाहीत, यापेक्षा त्यांना पुनःपुन्हा एकत्र का बोलावले जाते, हा प्रश्न मला मोठा वाटला.

मुळापासून पाहू. ह्यूमन टॉर्च आणि नेमॉर १९३९ च्या 'मार्व्हल कॉमिक्स'च्या पहिल्याच अंकात अवतरले. पहिला कार्ल बर्गोस यांचा, दुसरा बिल एव्हरेट यांचा. आग आणि पाणी, म्हणजे जन्माचे वैरी. १९४० मध्ये या दोघांची जंगी मारामारीही छापून आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, मार्च १९४१ ही तारीख घालून, 'कॅप्टन अमेरिका'चा पहिला अंक विक्रीला आला. मुखपृष्ठावर झेंड्याचे रंग ल्यालेला तरुण थेट हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो आहे. पर्ल हार्बरवर हल्ला झाला डिसेंबर १९४१ मध्ये. म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या सुमारे वर्षभर आधी हा ठोसा बसला होता. तो काढणारे जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघेही ज्यू कुटुंबांत जन्मलेले. युरोपात काय चालले आहे ते त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा जास्त कळत होते. १९३९ च्या फेब्रुवारीत हिटलरच्या अमेरिकेतल्या चाहत्यांनी खुद्द न्यूयॉर्कमध्ये सुमारे वीस हजारांची सभा भरवली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मुखपृष्ठामागची हिंमत समजते. पुढे कर्बी स्वतः सैन्यात गेले, १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले आणि हिमदंशाने पाय गमावता गमावता वाचले.

आता खरी गंमत. ज्या पथकाच्या पुनर्भेटीचा एवढा सोहळा होतो, ते 'इन्व्हेडर्स' पथक युद्धकाळातल्या चित्रकथांत नव्हतेच! हे वीर तेव्हा आपापल्या गोष्टींत लढत. मुखपृष्ठावर एकत्र दिसले तरी आतल्या पानांवर पथक म्हणून नव्हे. 'ऑल विनर्स स्क्वॉड' नावाने त्यांची मोट बांधली गेली ती १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर, आणि तीही अवघ्या दोन कथांपुरती. 'इन्व्हेडर्स' हे नाव व पथक निर्माण केले रॉय थॉमस या लेखकाने १९७५ मध्ये. थॉमस यांचा जन्म १९४०चा. म्हणजे युद्ध सुरू असताना जे पाळण्यात होते, त्यांनी मोठेपणी आपल्या बालपणासाठी एक पथक रचले आणि 'हे पूर्वीपासून होतेच' असे सांगितले. आपल्याकडे वडिलांच्या माघारी मुले त्यांच्या मित्रमंडळींचे किस्से सांगतात, तेव्हा त्यात थोडी भर पडतेच. ती लबाडी नसते. जे आपण पाहिले नाही, त्याला आकार देण्याची ती धडपड असते.

पण आकार कशाला द्यायचा, हा प्रश्न उरतोच. माझे म्हणणे असे की, युद्धातले जुने वीर परत बोलवावेत, अवश्य बोलवावेत. पण ते पहिल्या वेळी न विचारलेला प्रश्न त्यांना विचारण्यासाठी. नुसता जुना ठोसा पुन्हा मारायला बोलावले, तर ती पुनर्भेट फुकट जाते. हे म्हणणे हवेतले नाही. गेल्या सत्तर वर्षांचा हिशेबच तसा आहे.

पहिला प्रयत्न १९५३चा. कॅप्टन अमेरिका, ह्यूमन टॉर्च आणि नेमॉर या तिघांची मासिके तोवर बंद पडली होती. प्रकाशकाने तिघांना परत आणले. शत्रू म्हणून नाझींच्या जागी कम्युनिस्ट बसवले, बाकी सारे तेच. कॅप्टन अमेरिका १९५४ मध्ये पुन्हा बंद पडला. नेमॉरने १९५५ पर्यंत कसाबसा तग धरला. वाचकांनी पाठ फिरवली. यापेक्षा बोलका भाग पुढचा आहे. १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट या लेखकाने या फसलेल्या पर्वाचा निकाल लावला. त्याच्या कथेत १९५० च्या दशकातला तो कॅप्टन अमेरिका खरा नव्हताच. तो एक माथेफिरू भक्त होता. अर्धवट शास्त्राच्या जोरावर ताकद मिळवलेला, आणि जिकडेतिकडे देशद्रोही दिसू लागल्याने अखेर वेडावलेला. खरा कॅप्टन त्याला भिडतो, तेव्हा आपला गणवेश घालून दुसऱ्याच कुणीतरी काय करून ठेवले ते त्याला कळते. देशभक्ती आणि संशयाचे वेड यांत काय फरक आहे, हे पाच-पंचवीस लेखांनी जेवढे कळले नसते तेवढे या एका गोष्टीने पोरांना सांगितले.

दुसरा प्रश्न बकीचा. १९४१ मध्ये छावणीतल्या या पोराला कॅप्टनचे गुपित कळते आणि तो त्याचा साथीदार होतो. वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला आपणच बकी आहोत असे वाटावे, हा त्यातला हेतू. कोवळ्या पोराला रणांगणावर कोण नेतो, हे तेव्हा कुणीच विचारले नाही. १९६४ मध्ये स्टॅन ली आणि कर्बी यांनी कॅप्टनला बर्फातून बाहेर काढले, तेव्हा त्याच्या तोंडी पहिली हाक बकीची होती. पोरगा स्फोटात गेला, मी वाचलो, हा सल त्यांनी कायमचा त्याच्या उरात ठेवला. पुढे २००५ पासून एड ब्रुबेकर यांनी ती जखम पुन्हा उघडली. बकी मेला नव्हता. शत्रूने त्याला उचलून, स्मृती पुसून, मारेकरी बनवले होते. एवढ्यावर लेखक थांबला नाही. युद्धकाळातही कॅप्टनचा झेंड्यासारखा पोशाख स्वच्छ राहावा, म्हणून रात्रीची घाणेरडी कामे याच पोराकडून करून घेतली जात, असे त्याने दाखवले. नातू ही पाने वाचत असताना बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे याचा दोष कुणाचा?" वयाच्या बाराव्या वर्षी हा प्रश्न पडला, तर त्या संग्रहाची किंमत वसूल झाली असे मी समजतो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो शत्रूला नव्हे, स्वतःच्या देशाला विचारायचा होता. युद्धकाळातल्या अमेरिकन चित्रकथांत जपानी माणूस म्हणजे सुळे असलेला पिवळा राक्षस. त्याच काळात, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली आणि त्याच्या जोरावर जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरादारासकट उचलून काटेरी तारांच्या छावण्यांत टाकण्यात आले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. तेव्हाच्या चित्रकथेतल्या वीरांना ही तार दिसली नाही. ती १९७८ मध्ये 'इन्व्हेडर्स'ना दिसली. रॉय थॉमस यांच्या कथेत पथकातला मुलगा टोरो जखमी होतो. त्याला वाचवू शकेल असा शल्यवैद्य जपानी वंशाचा निघतो, आणि तो सापडतो अशाच एका छावणीत, मुलीसह बंदिवान. जगभर स्वातंत्र्यासाठी लढणारा वीर आपल्याच देशाच्या कुंपणापुढे उभा राहतो. पुढे त्या डॉक्टरची मुलगीही वीरांच्या पंक्तीला बसते. अमेरिकन सरकारने या अन्यायाची कायद्याने माफी मागून हयात पीडितांना प्रत्येकी वीस हजार डॉलर देण्याचे ठरवले ते १९८८ मध्ये. काही सेंट किमतीचे मासिक सरकारच्या दहा वर्षे आधी तिथे पोचले होते.

त्यानंतरच्या पुनर्भेटीही याच कसोटीवर घासून पाहाव्यात. २०१० मधली 'इन्व्हेडर्स नाऊ!' ही पाच भागांची मालिका घ्या. युद्धकाळात एका डच गावात नाझी शास्त्रज्ञाने भयंकर रोग पसरवला; उपाय हाती नव्हता; तो पसरू नये म्हणून या वीरांना लागण झालेल्या निरपराध गावकऱ्यांनाच मारावे लागले. त्यानंतर एकमेकांशीही ते त्याविषयी बोलले नाहीत. पासष्ट-सत्तर वर्षांनी तोच रोग डोके वर काढतो आणि त्यांना एकत्र यावेच लागते. इथे पुनर्भेट म्हणजे सत्कारसमारंभ नाही, जबाब आहे. याउलट २०१४ च्या 'ऑल-न्यू इन्व्हेडर्स'ची सुरुवात मोठी हृद्य आहे. ह्यूमन टॉर्च एका लहान गावात गाड्या दुरुस्त करीत, चारचौघांसारखा जगू पाहतो आहे. पण लवकरच परग्रहावरची फौज येऊन ठेपते, आणि गॅरेजमधला तो निवृत्त माणूस आपल्या हातून निसटतो. चित्रे देखणी, लढाया जोरकस. पण मनात घर करतो तो गॅरेजमधलाच टॉर्च.

नातवाने आणलेला संग्रह मात्र २०१९ मध्ये सुरू झालेल्या मालिकेचा, चिप झडार्स्की यांनी लिहिलेल्या बारा अंकांचा. त्यात नेमॉर जमिनीवरच्या जगाविरुद्ध युद्ध पुकारायला निघालेला आहे, आणि त्याचे जुने सोबती त्याला अडवायला एकत्र येतात. त्यांचा शत्रू त्यांचाच मित्र आहे! तो असा का झाला, याचा शोध ह्यूमन टॉर्च घेतो, आणि तो शोध त्याला युद्धाच्या दिवसांकडे, त्या वेळच्या सैनिकांच्या आठवणींकडे नेतो. हळूहळू उलगडते ते असे की, महायुद्धात जवळची माणसे डोळ्यांदेखत मरताना पाहून या गर्विष्ठ राजपुत्राचे मन फाटले होते, आणि ते कुणी नीट शिवलेच नाही. पन्नास वर्षे आम्ही ज्याला तापट, लहरी म्हणून रंगवत आलो, तो युद्धातून परतलेला एक जखमी माणूस होता, असे ही मालिका सांगते. ते वाचताना मला आमच्या शाखेतला बाक आठवला. पावसाच्या आणि ज्वारीच्या गप्पांखाली काय दडलेले होते, याचा विचार मी त्या वेळी केला नव्हता.

इथे एक आक्षेप हमखास येईल, आणि तो रास्त आहे. कुणी म्हणेल, अहो, हा सगळा धंदा आहे. नवे पात्र घडवून ते रुजवण्यापेक्षा जुने नाव बाजारात खपवणे सोपे, म्हणून या पुनर्भेटी. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे नाकारता येणार नाही. जुन्या ठेवीवरचे व्याज कुणाला नको असते? आणि व्याजाच्या वाटपाचा हिशेबही फारसा अभिमानास्पद नाही. ज्यांनी मूळ ठेव ठेवली त्या सायमन यांना कॅप्टन अमेरिकेच्या हक्कांसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. त्यांची तडजोड २००३ मध्ये झाली. कर्बी १९९४ मध्ये निवर्तले. त्यांच्या वारसांचा दावा मिटला २०१४ मध्ये. अन्यायाविरुद्ध ठोसा मारणारा वीर ज्यांनी निर्माण केला, त्यांच्याच वाट्याला हे यावे, ही गोष्ट विसरू नये. तरीही धंद्यासाठी लिहिलेले म्हणून खोटे, असे म्हणता येत नाही. आपल्याकडे कीर्तनकारही बिदागी घेतात. म्हणून आख्यान खोटे होत नाही.

दुसरा आक्षेप म्हाताऱ्यांना विसावा द्यावा, असा. दुसऱ्या एका प्रकाशन संस्थेने तो अक्षरशः अमलात आणला होता. 'जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका' हे १९४० मध्ये 'ऑल स्टार कॉमिक्स'मधून आलेले वीरांचे पहिले पथक. १९८६ मध्ये त्याला एका कधीही न संपणाऱ्या पौराणिक युद्धात पाठवून कायमचा निरोप देण्यात आला. वाचकांना तो मानवला नाही. १९९२ मध्ये हे वृद्ध वीर परत आले. त्यांची मालिका दहा अंकांत बंद केली गेली. आणि १९९९ मध्ये ते पुन्हा आले. पांढऱ्या केसांचे, सुरकुतलेले, तरुणांना हाताशी धरून शिकवणारे. इथे कुणी बर्फात गोठलेले नव्हते, तर वयाचा मान राखून म्हातारपण म्हातारपणासारखेच दाखवले होते. आजोबांना घराबाहेर काढण्यापेक्षा त्यांच्याकडे नातवंडे सोपवणे बरे, हे शहाणपण त्या प्रकाशकाला तेरा वर्षांनी सुचले म्हणायचे.

हे सारे अमेरिकेचे झाले. आपला त्याच्याशी संबंध काय? तो त्या बाकावरून जातो. ज्या युद्धात चित्रातला कॅप्टन अमेरिका लढत होता, त्याच युद्धात सुमारे २५ लाखांची भारतीय फौज उभी होती. इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी वीरमरण आले, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून पलीकडे आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या बाकावरची माणसे त्याच आघाडीवरची. १९४१ ते १९४५ मधल्या त्या रंगीत पानांवर त्यांना जागा नव्हती, आणि पुढच्या पुनर्भेटींतही त्यांना बोलावणे गेले नाही. तक्रार अमेरिकन लेखकांविषयी नाही. ते त्यांच्या आजोबांना प्रश्न विचारीत आहेत. आपल्या आजोबांना विचारण्याचे काम आपले होते. मी रोज त्यांच्यासमोर बसून सह्या ताडून पाहात होतो. विचारले काय, तर "आबा, अंगठा नीट उठवा."

१९७५ मध्ये 'इन्व्हेडर्स'चा पहिला अंक आला, तेव्हा तो वाचणाऱ्या मुलाच्या घरात युद्धावर जाऊन आलेला पन्नाशीचा बाप असे. चित्रात खोटे दिसले, तर तो सांगू शकत होता. आज तो बाप नाही. हयातीचा दाखला देण्यासाठी आता बँकेत यावेच लागते असे नाही. २०१४ पासून बोटाच्या ठशावर तो घरबसल्या संगणकातून जातो. सोय झाली, बाक रिकामा झाला. महायुद्ध पाहिलेली माणसे जगभर आता मोजकीच उरली आहेत. उद्या साक्षीदार म्हणून फक्त ही न म्हातारी होणारी चित्रातली माणसे शिल्लक राहतील. म्हणून त्यांच्याकडून काय वदवून घेतले जाते, याला महत्त्व आहे. ती नुसती ठोसे मारत राहिली, तर पुढच्या मुलांना युद्ध म्हणजे ठोसाच वाटेल. मुलांच्या हातून ही पुस्तके काढून घेऊ नयेत. शेजारी बसून वाचावीत, आणि शेवटच्या पानानंतर थोडे बोलावे.

सुटी संपून नातू परत निघाला, तेव्हा तो संग्रह माझ्याच टेबलावर राहिला होता. विसरला म्हणून हाक मारली, तर म्हणाला, "राहू दे आजोबा, पुढच्या वेळी वाचू. आणि त्या बँकेतल्या नानांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंय तुमचं."

मी हो म्हणालो. पण सांगणार काय? वाठारचे नाना इटलीत काय पाहून आले होते, हे मी त्यांना कधी विचारलेच नव्हते.